विश्लेषण : जुन्या मोटारीचा बल्ब होल्डरमध्ये बसला, तरी तो योग्य का नसतो?

सहा व्होल्टची गाडी की बारा, पिना समान उंचीवर की वर-खाली, फिलामेंट एक की दोन… जुन्या गाडीसाठी बल्ब घेताना या गोष्टी तपासल्या नाहीत, तर मागच्या चालकाला ब्रेक दिसत नाही आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

‘अॅम्बेसेडर’चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. कुर्ल्यात तयार होणारी ‘प्रीमियर पद्मिनी’ त्याच्या कितीतरी आधी बंद झाली होती आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सी ताफ्यातूनही ती बाहेर पडली. मात्र या गाड्या हौसेने जपणारे अनेक जण आहेत. शिवाय कुणाच्या गॅरेजमध्ये आजोबांच्या काळातली शेवरोले असते, कुणाकडे जुनी जीप. इंजिनचा एखादा भाग मिळवण्यासाठी हे मालक महिनोन्‌महिने वाट पाहतात. बल्ब मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतला जातो. ‘बसतो ना, मग चालेल’ एवढाच निकष लावला जातो. जुन्या गाड्यांच्या बाबतीत हाच निकष धोक्याचा ठरतो. याचे कारण, वेगवेगळ्या व्होल्टेजचे, वेगवेगळ्या वॅटचे आणि वेगवेगळ्या कामांचे बल्ब एकाच मापाच्या टोपीवर बनतात.

सर्वात आधी काय तपासावे?

गाडीचे व्होल्टेज. आज बहुतेक सर्व मोटारी १२ व्होल्टच्या असतात. पूर्वी तसे नव्हते. अमेरिकी गाड्या १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रामुख्याने ६ व्होल्टवर चालत. शेवरोलेने १९५५ मध्ये आणि फोर्डने १९५६ मध्ये १२ व्होल्ट स्वीकारले. जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ ते १९५४ या काळात मुंबईत शिवडीला होता. म्हणजे तिथून बाहेर पडलेल्या शेवरोले गाड्या ६ व्होल्टच्याच काळातल्या. दुसऱ्या महायुद्धातली विलिज जीपही ६ व्होल्टची. फोक्सवॅगन बीटल तर १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ६ व्होल्टवर होती. ब्रिटिश गाड्यांत मात्र १२ व्होल्ट बऱ्याच आधीपासून रुळले होते.

व्होल्टेज ओळखण्याची सोपी खूण म्हणजे बॅटरीवरची झाकणे. शिसे-आम्ल बॅटरीचा प्रत्येक कप्पा साधारण २ व्होल्टचा असतो. त्यामुळे तीन झाकणे म्हणजे ६ व्होल्ट, सहा झाकणे म्हणजे १२. बॅटरी बंदिस्त असेल तर मल्टिमीटर लावून पाहावा. काही गाड्या फसवतात. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये अनेक वर्षे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असत, पण गाडी १२ व्होल्टचीच. उलट, मुळात ६ व्होल्टची असलेली गाडी आधीच्या मालकाने १२ व्होल्टची करून घेतलेली असू शकते. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेबरोबरच गाडीत आज काय आहे तेही तपासायला हवे.

चुकीचे व्होल्टेज लावल्यास काय होते?

६ व्होल्टचा बल्ब १२ व्होल्टवर लावला तर तो क्षणात उडतो. चूक तिथल्या तिथे कळते. उलटी चूक अधिक घातक असते. १२ व्होल्टचा बल्ब ६ व्होल्टवर लागतो, लालसर तेवतो आणि मालकाला वाटते, जुन्या गाडीचे दिवे असेच असायचे! फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, तो फार झपाट्याने घसरतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरले की प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. व्होल्टेज निम्मे झाले तर प्रकाश दहाव्या हिश्शाच्या आसपासच उरतो. असा ब्रेक लाइट दुपारच्या उन्हात दिसणे जवळपास अशक्य.

ही चूक सहज होते, कारण दोन्ही व्होल्टेजच्या बल्बांची टोपी सारखीच असते. अमेरिकी क्रमांकांत ११५७ हा दोन फिलामेंटचा १२ व्होल्टचा बल्ब आहे आणि ११५४ हा त्याचा ६ व्होल्टचा भाऊ. त्याचप्रमाणे एका फिलामेंटचा ११५६ हा १२ व्होल्टचा, तर ११२९ हा ६ व्होल्टचा. दोघे एकाच होल्डरमध्ये बसतात. फरक सांगतो तो फक्त टोपीवर कोरलेला बारीक मजकूर.

पिना आणि टोपी यांचे गणित काय?

जुन्या गाड्यांत बहुतेक बल्ब दाबून फिरवून बसवण्याचे असतात. त्यांच्या टोपीवर दोन पिना असतात. टोपीच्या प्रकाराला सांकेतिक नाव असते आणि ते समजले की अर्धे काम झाले. त्यात ‘बी’ म्हणजे दाबून फिरवण्याची टोपी, आकडा म्हणजे टोपीचा व्यास मिलिमीटरमध्ये, शेवटचा ‘एस’ म्हणजे बुडाला एक पॉइंट आणि ‘डी’ म्हणजे दोन पॉइंट.

बीए१५एस : व्यास १५ मिलिमीटर, एक पॉइंट, दोन्ही पिना समोरासमोर आणि एकाच उंचीवर. इंडिकेटर किंवा स्वतंत्र ब्रेक लाइटसाठी असलेला २१ वॅटचा बल्ब याच टोपीचा. ब्रिटिश क्रमांक ३८२. मात्र ५ वॅटचा पार्किंग बल्ब, म्हणजे क्रमांक २०७, यालाही हीच टोपी असते.

बीएवाय१५डी : व्यास तोच, पण दोन पॉइंट आणि पिना वर-खाली. यात दोन फिलामेंट असतात. २१ वॅटचे ब्रेकसाठी आणि ५ वॅटचे मागच्या लाल दिव्यासाठी. ब्रिटिश क्रमांक ३८०.

बीए१५डी : दोन पॉइंट, पण पिना एकाच उंचीवर. त्यामुळे हा बल्ब दोन्ही बाजूंनी बसतो.

बीएयू१५एस : पिना समोरासमोर नसून किंचित तिरक्या कोनात. हा नारिंगी काचेच्या २१ वॅट बल्बसाठी आहे, म्हणजे पांढऱ्या बल्बच्या जागी तो चुकून लागू नये.

बीए९एस : ९ मिलिमीटरची छोटी टोपी. पार्किंग लाइट आणि डॅशबोर्डमध्ये वापर. ४ वॅटचा २३३ क्रमांकाचा बल्ब याच गटातला.

याशिवाय छतावरच्या आणि नंबर प्लेटच्या दिव्यात दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला नळीसारखा बल्ब असतो. त्यात वॅटइतकीच लांबीही महत्त्वाची. ३६ मिलिमीटरच्या जागी ४१ मिलिमीटरचा कोंबला तर पत्र्याच्या पकडी वाकतात आणि पुढचा योग्य बल्बही सैल बसतो.

ब्रेक आणि मागच्या लाल दिव्याची अदलाबदल कशी होते?

वर-खाली पिना मुद्दाम दिलेल्या असतात. बल्ब एकाच दिशेने बसावा, हा त्यामागचा हेतू. पण चाळीस-पन्नास वर्षांत होल्डर झिजतो, खाचा रुंद होतात आणि जोर लावला तर बल्ब उलटाही बसतो. मग २१ वॅटचे फिलामेंट लाल दिवा म्हणून रात्रभर जळत राहते आणि ब्रेक दाबल्यावर त्यात ५ वॅटची भर पडते. दोन फिलामेंटच्या १२ व्होल्ट बल्बमध्ये ब्रेकचा प्रकाश सुमारे ४४० ल्युमेन, तर लाल दिव्याचा ३५ ल्युमेन असतो. म्हणजे बारा पटींहून अधिक फरक. मागच्या चालकाला ब्रेक लागल्याचे कळते ते याच फरकामुळे. बल्ब उलटा बसला की हा फरकच संपतो. दिवे सगळे लागतात, मालकाला काही खटकत नाही, पण पावसाळी रात्री घाटात मागून येणाऱ्या ट्रकला ही गाडी थांबते आहे हे समजत नाही.

दुसरी चूक म्हणजे दोन पॉइंटच्या होल्डरमध्ये एका पॉइंटचा बल्ब बसवणे. बुडाचा रुंद पॉइंट होल्डरमधल्या दोन्ही स्प्रिंगना एकदम टेकतो आणि दोन वेगळी सर्किट एकमेकांना जोडली जातात. ब्रेक दाबला की पार्किंग लाइट आणि डॅशबोर्डचे दिवे उजळले, तर पहिला संशय याच चुकीचा घ्यावा. अर्थिंग खराब असले तरी असाच प्रकार घडतो. परतीचा रस्ता न मिळालेला करंट शेजारच्या फिलामेंटमधून वाट काढतो.

जास्त वॅटचा बल्ब लावल्यास प्रकाश वाढतोच ना?

वाढतो, पण किंमत मोजून. पार्किंगच्या ५ वॅटच्या जागी २१ वॅटचा बल्ब सहज बसतो, कारण टोपी तीच. मात्र छोट्या बंद घरात चौपट उष्णता तयार होते. प्लॅस्टिकची लाल काच वितळते, रिफ्लेक्टर काळवंडतो. अॅम्बेसेडर किंवा फियाटची मूळ काच आता मिळवणे किती जिकिरीचे आहे, हे मालकांना ठाऊक असते.

हेडलाइटमध्ये धोका वायरिंगला असतो. जुन्या युरोपीय पद्धतीच्या हेडलाइटचा बल्ब ४५/४० वॅटचा. दोन्ही दिव्यांच्या ‘अप्पर’साठी ९० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर साडेसात अँपिअर. १९७१ मध्ये आलेला एच४ हॅलोजन ६०/५५ वॅटचा. दोन मिळून १० अँपिअर. बाजारात मिळणारा १००/९० वॅटचा बल्ब लावला तर हाच आकडा १६ अँपिअरच्या पुढे जातो. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या डायनॅमोची कमाल क्षमता २२ अँपिअर असे आणि इंजिन मंद फिरत असताना तो तेवढेही देत नाही. त्यातच हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जातो. परिणामी बॅटरी उतरते, स्विच तापतो आणि कापडी वेष्टणाची जुनी वायर जळण्याची वेळ येते. एच४ लावायचाच असेल तर आधी रिले, फ्यूज आणि जाड वायर टाकून घेणे हाच सुरक्षित क्रम.

गंमत अशी की मंद प्रकाशाचे कारण अनेकदा बल्ब नसतोच. होल्डरचा गंज, सैल स्प्रिंग, रंगाच्या थरावर आवळलेली अर्थिंगची वायर यांत व्होल्टेज गळते. १२ व्होल्टच्या गाडीत एक व्होल्ट गळला तर प्रकाश सुमारे पाव हिश्शाने घटतो. ६ व्होल्टच्या गाडीत तोच एक व्होल्ट जवळपास निम्मा प्रकाश खातो. दिवा चालू ठेवून बॅटरीवर आणि होल्डरवर मल्टिमीटर लावला की ही गळती आकड्यांत दिसते. अशा वेळी नवा बल्ब घेण्यापेक्षा पॉलिश पेपरचा तुकडा अधिक उपयोगी पडतो.

हेडलाइटच्या बल्बमध्ये वेगळे काय पाहावे?

इथे बसण्याइतकेच फिलामेंटचे नेमके स्थान महत्त्वाचे असते. रिफ्लेक्टरची वक्रता आणि काचेवरच्या रेषा एका ठरावीक बिंदूवरच्या फिलामेंटसाठी आखलेल्या असतात. फिलामेंट एखाद-दोन मिलिमीटर सरकले तरी झोत विस्कटतो. जुन्या ४५/४० वॅट बल्बची कडी ४५ मिलिमीटरची, तर एच४ची ४३ मिलिमीटरची. दोन्हींचा अंदाज डोळ्यांना चटकन येत नाही. एच४ जुन्या रिफ्लेक्टरमध्ये डुगडुगतो. मग कुणी कागद कोंबतो, कुणी तार बांधतो. असा ‘डिपर’ रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्यापेक्षा काच, रिफ्लेक्टर आणि बल्ब असा एच४चा संपूर्ण संच बसवणे योग्य.

काही गाड्यांत ‘सील्ड बीम’ असतो. फिलामेंट, रिफ्लेक्टर आणि काच एकसंध. सात इंची गोल सील्ड बीम अमेरिकेत १९४० पासून रूढ झाला. त्यात बल्ब बदलता येत नाही, पूर्ण दिवाच बदलावा लागतो. त्याच मापाचे एच४ संच सहज मिळतात, पण ते कोणत्या देशासाठी बनले आहेत हे पाहायला हवे. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. त्यामुळे डिपरचा झोत डावीकडे थोडा उचललेला असतो, म्हणजे कडेचे पादचारी दिसतात. युरोपातून मागवलेला उजव्या बाजूच्या वाहतुकीचा संच लावला तर तोच उचललेला झोत थेट समोरून येणाऱ्यावर पडतो. हा दोष बल्ब बदलून जात नाही.

एलईडी लावावेत का?

वीज कमी लागते, उष्णता कमी होते, म्हणून ६ व्होल्टच्या गाड्यांना एलईडी मोहात पाडतात. पण तीन अडचणी आहेत.

पहिली, ध्रुवतेची. साध्या बल्बला प्लस-मायनसचा फरक पडत नाही, एलईडीला पडतो. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असे. आजचे सामान्य एलईडी मायनस अर्थिंग गृहीत धरतात. अशा गाडीत ते लागतच नाहीत. त्यासाठी प्लस अर्थिंगचे किंवा दोन्ही प्रकारे चालणारेच मागावे लागतात.

दुसरी, फ्लॅशरची. जुना फ्लॅशर करंटच्या उष्णतेवर चालतो. पुढचा-मागचा मिळून ४२ वॅट, म्हणजे साडेतीन अँपिअर करंट गेला की आतली पट्टी तापते आणि इंडिकेटर लुकलुकतो. एलईडीचा करंट इतका कमी की पट्टी तापतच नाही. मग इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर टाकावा लागतो आणि तोही गाडीच्या अर्थिंगला जुळणारा.

तिसरी, रंगाची. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात लाल घटक कमी असतो. लाल काचेमागे तो लावला की दिवा फिका, गुलाबीसर दिसतो. लाल काचेमागे लाल आणि नारिंगी काचेमागे नारिंगी एलईडी हवा.

डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल बल्बही विसरून चालत नाही. अल्टरनेटर असलेल्या बऱ्याच गाड्यांत या छोट्या बल्बमधून जाणारा करंटच अल्टरनेटरला सुरुवातीचा धक्का देतो. तिथे एलईडी किंवा कमी वॅटचा बल्ब लावला तर चार्जिंग सुरूच न होण्याची शक्यता असते. तिथे मूळ वॅटचाच बल्ब ठेवावा.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०५ नुसार हेडलाइटचा झोत खाली वळलेला असावा लागतो. दिव्यापासून ८ मीटर पुढे, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीला तो दिपवणारा नसावा. ही अट गाडी किती जुनी आहे, हे पाहत नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे, ही त्यातली महत्त्वाची अट. नियमित प्रवासासाठी किंवा व्यवसायासाठी अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. बाकीच्या खासगी मोटारींना १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्या वेळी होणाऱ्या तपासणीत दिवेही पाहिले जातात.

दुकानात जाण्यापूर्वी काय करावे?

जुना बल्ब सोबत न्यावाच, पण त्यालाच प्रमाण मानू नये. तोही आधी कुणीतरी चुकीचा बसवलेला असू शकतो. डाव्या आणि उजव्या दिव्यातले बल्ब काढून शेजारी ठेवावेत. दोघांत फरक दिसला तर एक नक्कीच चुकीचा. पुस्तिकेतल्या वॅटच्या तक्त्याशी ताडून पाहावे. टोपीवरचा मजकूर, पिना आणि बूड यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. होल्डरमधल्या पॉइंटांचा आणि खाचांचाही.

पुण्यातली नाना पेठ असो की मुंबईतले कुर्ला, दुकानदाराला ‘ब्रेकचा बल्ब द्या’ एवढेच सांगू नये. ‘१२ व्होल्ट, २१/५ वॅट, दोन पॉइंट, पिना वर-खाली’ असे सांगितले की चुकीला जागा उरत नाही. टोपीवर वर्तुळातला ‘ई’ आणि आकडा आहे का, हे पाहावे. तो बल्ब संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांनुसार मंजूर असल्याची ती खूण असते. आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा, उदाहरणार्थ १ म्हणजे जर्मनी, २ म्हणजे फ्रान्स, ११ म्हणजे ब्रिटन. ६ व्होल्टचे बल्ब एरवी सहज मिळत नाहीत. ते मिळतील तेव्हा एकेक जास्तीचा घेऊन गाडीत ठेवणे शहाणपणाचे.

बल्ब बसवताना बॅटरीची वायर काढावी. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नये. त्वचेचा तेलकटपणा काचेवर राहिला तर ती तिथेच जास्त तापते आणि बल्बचे आयुष्य घटते. शेवटी अंधार पडल्यावर गाडी सपाट जागेवर भिंतीसमोर उभी करून डिपरचा झोत कुठे पडतो ते पाहावे. मग एकाला ब्रेकवर बसवून दुसऱ्याने मागे वीस-पंचवीस पावलांवर उभे राहावे. पार्किंग लाइट चालू असतानाही ब्रेक दाबल्याचे तिथून लख्ख कळले पाहिजे. हीच परीक्षा दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात पुन्हा घ्यावी.